दिवसा जळणारा लाल दिवा

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत मी एकदा मांडीवर पेटता डब्बा घेऊन बसले होते. पेटता म्हणजे आग लागलेला नव्हे हो. डब्ब्याच्या तोंडाशी हरभऱ्याच्या दाण्याएवढा लाल दिवा जळत होता, आत बॅटरी होती आणि काम चालू होतं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"मावशी, हे काय हाये?"

"बुजगावणं."

"असं असते बुजगावणं? याले न डोक्सं, न हात."

"डोक्संच हाये नुसतं. हातपाय घरी ठेवले."

"फुटणार त नाई ना?"

"फुटलं त पहिले मी जाईन, मंग तू. भेव नको."

बसमधले लोक हसले. कंडक्टर हसला नाही. "बंद करून ठेवा मंग. घरी गेल्यावर लावजा," म्हणाला.

"याले बंद नाई कराचं," मी म्हटलं. "कधीच नाई."

तो डब्बा माझ्या धाकट्या बहिणीच्या वावरात चालला होता, तिकडे तेल्हाऱ्याच्या अंगाला. बहिणीची आणि जवाईबुवांची जमीन चांगली काळी, विहिरीला पाणी, म्हणून कपाशीसोबत एका तुकड्यात हरभराही व्हायचा. आणि हरभऱ्याला घाटे धरले की डुकरं यायची. रानडुकरांचा कळप वावरात शिरला की खातो थोडं आणि उलथून टाकतो सगळं. सकाळी जाऊन पाहावं तर कुणी नांगर फिरवून गेल्यासारखं. जवाईबुवा जागलीला जायचे, मचाणावर बसून घसा फाडायचे, टिनाचं पिंप बडवायचे. त्या थंडीनं त्यांचे गुडघे गेले. मग एका साली त्यांनी बोलणं काढलं, की धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, उघडी तार फिरवतो आणि मोटारीच्या लाईनीतून तिच्यात करंट सोडतो.

हे बरेच जण करतात. संध्याकाळी सोडायचा, पहाटे काढायचा. डुकरू मरतं. कधी कुणाचं कुत्रं मरतं. त्यांच्या शेजारच्या शिवारात एक म्हातारा बाबा परसाकडला गेला आणि तारेलाच चिकटून राहिला होता. बहिणीनं ते मढं पाहिलेलं. ती उठून थेट माझ्याकडे आली, पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली.

"बाई, तू त्या मांडवाच्या लाईटी करत होती ना, तसं काई कर. डुकरं पळाले पायजे. नाईतर हे तार लावतीन. मी म्हणून म्हणून थकली. एक दिवस कोणाचं तरी मढं उचला लागन आमाले."

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मी तिची बाई, आणि जवाईबुवांची आकडसासू. आकडसासूपुढं जावई जरा दबून असतो, हेही तिला माहीत होतंच.

आता मांडवाच्या लाईटींचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझ्या नवऱ्याचं अमरावतीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. माझं शिक्षण दहावी. दुपारी डबा घेऊन जायची, तो जेवेस्तोवर त्याच्या खुर्चीवर बसायची, आणि असं करता करता सोल्डर मारायला शिकले. तो गेल्यावर दुकान गेलं, पण एक खोकं भरून माल आणि रद्दीतून आणलेली गाईडं घरी आली. इंग्रजी मला अक्षर लावून वाचता यायची, अर्थ लागायचा नाही. अडलेला शब्द मी कुणालाही विचारायची, गॅसवाल्यालासुद्धा. त्या गाईडांत एक प्रकरण होतं, फीडबॅक शिफ्ट रजिस्टरचं. त्यानं माझा एक अख्खा उन्हाळा खाल्ला.

पुस्तकातून ते डोक्यात शिरेना, तेव्हा मी चिंचोके फोडले. सारीपाटाला फाशांऐवजी टाकतात ना, तसे अर्धे केलेले. एक अंग पांढरं, एक काळं. चार चिंचोके ओळीत मांडायचे. दर ठोक्याला सगळ्यांनी एक घर उजवीकडे सरकायचं. शेवटचा ओळीबाहेर पडतो, आणि डावीकडचं पहिलं घर रिकामं होतं. तिथं काय ठेवायचं? तर सरकायच्या आधी शेवटच्या दोघांची तोंडं पाहून घ्यायची. दोघं सारखे असले तर नवा येणार तो काळा. वेगळे असले तर पांढरा. बस, एवढंच. जाणारे जाता जाता येणाऱ्याचं ठरवून जातात. याला फीडबॅक म्हणतात हे मला फार नंतर उमगलं. मी आपलं मनात म्हणायची, हे तर घराण्यासारखंच आहे.

असं सरकवत गेलात की पंधरा निरनिराळ्या ओळी येतात आणि सोळाव्याला पहिलीच परत. फक्त एक ओळ कधी येत नाही, सगळे काळे. ती हातानं मांडून पाहा. दोघं सारखे, म्हणून नवा काळा. पुन्हा सारखे, पुन्हा काळा. जन्मभर सरकवा, काळ्यातून काळंच निघतं. त्यात बाहेरून एक पांढरा टाकणारं कुणी लागतं.

घरं वाढवली की फेरा लांबतो, आणि लांबतो म्हणजे किती, तर तेवीस घरं घेतली आणि कोणत्या दोघांची तोंडं पाहायची ते नीट निवडलं, दर आठ सेकंदाला एक ठोका दिला, तर पहिली ओळ परत यायला दोन वर्षं उलटतात. मधल्या काळात कोण पांढरा कोण काळा याला काही ताळतंत्र दिसत नाही. असतं सगळं ठरलेलं, पण पाहणाऱ्याला वाटतं लहर आहे. नवरात्रात मी यावर मांडवाची झालर केली होती. मंडळाची पोट्टी येऊन म्हणाली, "काकू, लाईट बिघडली काय? कुठूनबी पेटून राहिली." मी म्हटलं, बिघडली नाई, तिले तुमच्यासारखं वळण नाई. पण लोक तासतास उभे राहून तिच्याकडेच पाहत. पळत्या लाईटींकडे माणूस दोन मिनिटं पाहतो, मग पुढं काय येणार ते त्याला ठाऊक होतं.

त्याच गाईडात पुढं लिहिलं होतं की चोरून बोलायलाही हीच ओळ वापरतात. आपल्या बोलण्यावर ओळीतून पडणारे काळे-पांढरे कालवून द्यायचे, म्हणजे मधे ऐकणाऱ्याला नुसता कचरा मिळतो. पलीकडच्यानं तशीच ओळ तिथूनच सुरू केली की त्याच्याकडे कचरा निवडून बोलणं उरतं. तिथं चौकटीत एक ताकीद छापली होती. रोज त्याच जागेवरून सुरू करू नये. केलं तर मधे ऐकणारा आज ना उद्या शिकतो. हे वाक्य मी तीन जणांना विचारून पक्कं करून घेतलं होतं. शहाणपणाचं वाटलं म्हणून. त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तर डब्बा असा केला. तेवीस घरांची ओळ, दिवसरात्र सरकणारी. शेवटची पाच घरं एकदम पांढरी झाली की मोठा हॅलोजन चमकायचा आणि भोंग्यातून आवाज यायचा. कधी लागोपाठ दोनदा, कधी बऱ्याच वेळानं. उजेड असेस्तोवर भोंगा गप्प, पण आतली ओळ चालूच. ती चालू आहे हे कळावं म्हणून तो लाल दिवा. वावरात सौरपट्टी बॅटरी भरणार. आणि चालू करताना ओळ काळ्यात अडकू नये म्हणून मी तजवीज केली होती, की खटका दाबला की तेवीस घरांत आपोआप एकच पांढरा पडावा.

एकच पांढरा, हे ध्यानात ठेवा. एवढ्या काळ्यांत एकटा पांढरा पडला की तो एकाचे दोन, दोनाचे चार करायला फार वेळ घेतो. पाच पांढरे शेजारी शेजारी यायला पाऊण तास, तासही जातो. तोवर भोंगा मुका. म्हणून मी घरी आठवडाभर डब्बा चालवून तो काळ मागं टाकला, आणि तसाच चालता डब्बा मांडीवर घेऊन बसले. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून.

आवाज कुणाचा भरायचा यावर आमच्या घरी नाटक झालं. मी कुत्र्याचं भुंकणं भरणार होते. बहीण म्हणाली, कुत्र्याले डुकरं भेत नाईत, ह्याईलेच भेतात. जवाईबुवा कामासाठी अमरावतीला आले तेव्हा मी त्यांच्या तोंडापुढं माईक धरला.

"इथं घरात वरडू? बाई, शेजारचे काय म्हणतीन?"

"म्हणतीन आकडसासूवर वरडून राहिले. एका जावयाची त हौस फिटू दे."

लाजत लाजत एकदा बोलले, मग पाठमोरे झाले, भिंतीकडे तोंड केलं आणि असे ओरडले, "हुर्रर्र, हट्ट! हट्ट!" की समोरच्या बाई खरंच धावत आल्या. बहीण हसून हसून खाली बसली. ते तिचं शेवटचं मोठं हसणं मी पाहिलेलं, असं आता वाटतं.

डब्बा मी जवाईबुवांच्या स्वाधीन केला, मचाणाला बांधला, खटक्यावर चिकटपट्टी लावली आणि त्यांना बजावलं, याले बंद कराचं नाई, बंद केला का पहिल्यापासून. ते म्हणाले, "बाई, हा चालते तवरी मी तार नाई लावत. शब्द हाये."

तो हंगाम निभला. डुकरं धुऱ्यापर्यंत येत आणि आतून जवाईबुवा ओरडले की पळत. जवाईबुवा घरी अंथरुणात. गावातले लोक गमतीनं म्हणायचे, यायचा आत्मा वावरात राह्यते आन देह घरी घोरते. असलं बोलणं तेव्हा हसण्यावारी जातं.

पुढच्या साली मचाण मोडलं म्हणून डब्बा विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत गेला. भोंगा आणि हॅलोजन बाहेर, डब्बा आत भिंतीला. त्याच हिवाळ्यात जवाईबुवांचा फोन आला.

"बाई, डुकराईले तुमच्या यंत्राचा टाईम पाठ झाला."

"होत नसते तसं."

"होत नसते त हरभरा कोणं खाल्ला? रातभर मी डब्ब्यातून वरडतो मस्त. पण दिवेलागणीच्या मांगं तासभर चूप राह्यतो न, तवाच येतात. घरून जेवून आल्यासारखे."

मला काही कळेना. दोन वर्षांच्या फेऱ्यात एखादा लांब गप्पकाळ येतो, पण रोज? मी म्हटलं, "मी येतो पाह्याले. तवरी काई करू नका." माझ्या डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरनं प्रवास बंद सांगितला होता. ते म्हणाले, "बरं." तो बरं कसा होता, ते आता किती वेळा आठवून पाहिलं. काही कळत नाही त्यातून. साधा बरं होता.

त्यांनी तार लावली. शब्द मोडला असंही म्हणता येत नाही. डब्बा चालते तवरी, असं बोलले होते, आणि त्यांच्या हिशेबानं डब्बा चालत नव्हता.

ते गेले पहाटे, उजाडता उजाडता. कापूस वेचायला बाया येणार होत्या, त्या यायच्या आत तार काढावी म्हणून लवकर गेले. लाईन गेलेली होती. शेतीच्या लाईनीचं असंच, कधी जाते कधी येते. लाईन नाही म्हणून त्यांनी मोटारीच्या लाईनीवरचा आकडा काढायच्या आधी तार गुंडाळायला घेतली, आणि लाईन आली. वेचणीच्या बायांनीच पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या कुणाला होऊ नये म्हणून जो माणूस थंडीत पायी गेला, त्यालाच झालं.

शवविच्छेदनासाठी त्यांना अकोल्याला आणलं होतं. मी एका डोळ्यावर पट्टी तशीच ठेवून तिथं पोचले. बहीण बाहेर बाकड्यावर बसली होती, हातात त्यांची चप्पल. मला पाहून रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तुया डब्बा बंद पडला वं."

तेरवी झाल्यावर मी म्हटलं, वावरात जाऊन डब्बा घेऊन येते, कुठं काय झालं ते पाहते. बहीण म्हणाली, मीबी येतो. दिवेलागणीची वेळ होती. मोटारीच्या खोलीत डब्बा विझलेला. पोलिसांनी तार, आकडा सगळं नेलं होतं, याला हात लावला नव्हता. मला वाटलं बॅटरी उतरली असेल. मी पिशवीतून मीटर काढत होते, तेवढ्यात बहीण पुढं झाली. डोक्यावर पदर घेतला, खटका दाबला, लाल दिवा लागला, आणि तिनं त्याला हात जोडले. माझी चिकटपट्टी तिथंच होती, एका अंगानं सोडवून नीट दुमडून ठेवलेली.

"तू लावत होती हा?" मी विचारलं.

"हौ. इथं आल्यापासून मीच. संध्याकाळी लावाचा, सकाळी शेण टाकाले आली का बंद कराचा."

"बंद?"

"मंग? दिवसा दिवा कायले जाळाचा? लक्ष्मी जाते. आन बॅटरी राह्यते रातीसाठी. मागच्या साली धुई पडली, ऊन नाई, तवा कसा मंद झाला होता हा, आठवते? माया जीव खाली-वर. म्हटलं, हा बंद नाई पडला पायजे. हा बंद पडला का हे तार लावतीन. ह्याईले सांगतलंबी नाई म्या. मायी मीच ध्यान ठेवत होती."

मी मीटर परत पिशवीत ठेवलं.

सगळं समोर उलगडून पडलं, आणि उलगडायला काही हुशारी लागली नाही. रोज दिवेलागणीला तेवीस घरांत एकटा पांढरा. रोज तोच तासभराचा मुकेपणा, नेमका अंधार पडता पडता, नेमका माणूस जेवायला घरी जातो तेव्हा. मधे ऐकणारा आज ना उद्या शिकतो. डुकरं शिकली. कदाचित भोंग्याला ती तशीही एक दिवस सरावली असती, जनावराचं काय सांगावं. पण त्या हिवाळ्यात तरी ती त्या तासाला शिकली होती. आणि हे सगळं बहिणीनं नवऱ्याला वाचवण्यासाठी केलं होतं, जशी आई शिकवून गेली तशी, दिवसा दिवा मालवून.

आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसलो. हरभऱ्यात अंधार उतरत होता. ती भोंग्याकडे पाहत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती कशाची वाट पाहून राहिली आहे. त्या भोंग्यात तिच्या नवऱ्याचा आवाज होता.

"काहून बोलून नाई राहिले वं?" बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

आता बोलायची वेळ होती. तासभर पुरा होत आला होता. थोड्या वेळात तो ओरडणार, आणि मग तिनं म्हटलं असतं, म्हणजे चालते ना, मंग इतका वेळ काहून चूप होता? आणि मी काय सांगितलं असतं? ती अडाणी नव्हती. दोन वाक्यांत तिला समजलं असतं.

"बिघडला हाये," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आतला एक पार्ट सडका निघाला. सुरुवातीले अडकून राह्यते. म्याच लावला होता, पाहून घ्याले पायजे होता."

मी उठून खोलीत गेले आणि बॅटरीची तार उपटली. दिवा विझला. एक ठोका अलीकडे की शंभर, कुणास ठाऊक, पण तो ओरडायच्या आत.

बाहेर आले तर ती उभी होती. "तू त म्हणत होती, कधी बंद पडत नाई म्हणून."

"म्हटलं होतं."

"अमरावतीची शास्त्रज्ञ," ती म्हणाली. हे जवाईबुवांचं मला लाडाचं नाव होतं. तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदा आणि तेव्हाच ऐकलं. मग ती पुढं चालायला लागली, आणि गाव येईस्तोवर मागं वळली नाही.

त्यानंतर काही वर्षं ती माझ्याशी तुटूनच होती. कुणाच्या लग्नात भेटलो तर जेवलीस काय, एवढं विचारायची, म्हणजे लोकांना दिसू नये. पाठीमागं काय बोलायची तेही यायचं कानावर. बहिणीच्या खेळण्यानं मायं कुंकू पुसलं. मी ऐकून घ्यायची. तिला कुणावर तरी ते टाकायलाच लागणार होतं, आणि ते तिच्या स्वतःवर पडण्यापेक्षा इकडं बरं. असं मी स्वतःला रोज सांगत होते. रोज पटत होतं असं नाही. एकेकदा फोन हातात घ्यायची आणि पूर्ण नंबर लावून ठेवून द्यायची.

मागच्या पावसाळ्यात तिच्या पोटातलं दुखणं निघालं, आणि इलाजासाठी ती अमरावतीला आली. कुठं उतरणार? माझ्याचकडे. पहिले काही दिवस ती पाहुण्यासारखी राहिली, भांडं उचलायची तरी विचारून. मग दुखण्यानं तो आडपडदा गळून पडला. एक दिवस भाकरी टाकता टाकता मला म्हणाली, "तो डब्बा हाये काय गं?"

"हाये."

"सुधरव ना. मले त्याईचा आवाज आयकाचा हाये."

सुधरवायचं काय त्यात? तरी मी चार दिवस आतल्या खोलीत दार लावून बसले. उजेडात गप्प राहायची तजवीज काढून टाकली, म्हणजे दिवसाही बोलेल. आवाज बारीक केला. आणि खटकाच काढून टाकला. थेट भिंतीच्या प्लगला वायर. ज्याला खटका नाही ते कोण बंद करेल, असं मला वाटलं. एका पहाटे ती झोपेत असतानाच बाहेर आणून तिच्या खाटेजवळच्या कोनाड्यात लावला, आणि पहिला मुका काळ तिथंच मागं टाकला. ती उठल्यावर सांगितलं, नवा पार्ट टाकला.

"हुर्रर्र, हट्ट! हट्ट!"

ती दचकली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहू शकले नाही, चहा पाहायला गेले. त्यानंतर तो कधीही बोलायचा. आम्ही जेवताना, ती औषधाला तोंड वाकडं करताना. ती उत्तर द्यायची. "हौ बाप्पा, घेतो औषध, वरडता कायले?" एकदा डॉक्टरचे पैसे कुठून आणायचे यावर मी बोलत होते आणि मधेच तो हट्ट म्हणाला, तर दोघी हसलो. आमच्यातलं बरंचसं परत आलं होतं त्या पंधरवड्यात.

मग माझ्या लक्षात आलं की जवाईबुवा दिवसा गप्प असतात, आणि संध्याकाळी देवापुढं दिवा लावल्यावरही तासभर. एक दिवस वाटलं, असेल. दुसऱ्या दिवशी कान देऊन बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतून लवकर बाहेर आले, आणि पाहिलं, तर ती खाटेवरून उठून, भिंतीला धरून धरून, प्लग काढत होती. खटका नव्हता तर काय झालं? दिवसा दिवा जळत होता ना.

मला पाहून म्हणाली, "तुले बिल येते ना लाईटचं. दिवसा मी असतोच जागी, मले काय, रातचा पुरते त्याईचा आवाज."

बंद करू नको म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, काहून.

त्या संध्याकाळी तिनं प्लग लावला, हात जोडले आणि खाटेवर बसून राहिली. मी भाजी निवडत होते. खोलीत भांड्याचा आवाज नाही, काही नाही. ती कोनाड्याकडे पाहत होती, जशी विहिरीच्या काठावर बसून भोंग्याकडे पाहत होती तशीच. पाऊण तास गेला असेल, जास्तही.

"बाई."

"हं?"

"पार्ट नवा टाकला ना तू?"

"हौ."

"मंग हे अजून तसेच काहून चूप राह्यतात? दिवा लावला का मंग, तासभर?"

मी मेथीची एकच काडी किती वेळ निवडत होते कुणास ठाऊक. "दुसराबी सडका निघाला असन," मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा लागला.

थोड्या वेळानं जवाईबुवा ओरडले. तिनं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीतून आले तर ती उठून बसलेली होती. कोनाड्यात लाल दिवा जळत होता. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं, ते दारातून आत कोनाड्यापर्यंत आलं होतं, आणि त्या उन्हात तो दिवा जेमतेम दिसत होता. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"चहा ठेवू?" मी विचारलं.

"ठेव."

प्लगला तिनं त्यानंतर हात लावला नाही. या उन्हाळ्यात ती गेली, तोवर एकदाही नाही, आणि आम्ही दोघींनी त्यावर एक शब्द काढला नाही. त्या सकाळी मी चहा गाळत असताना तो ओरडला, "हुर्रर्र, हट्ट!" मी सवयीनं तिच्या उत्तराची वाट पाहिली. ती दिव्याकडे पाहत बसून राहिली.